कै. डॉ. भाऊ दाजी लाड आणि देहपरीक्षेचा धडा

आपल्या कोकणभूमीत ऊन पाण्याच्या झऱ्यांची एक मालिकाच निसर्गाने ओवून ठेविली आहे. उत्तरेस वज्रेश्वरी व गणेशपुरी, मध्ये पालीजवळचे उन्हेरे, दक्षिणेस उन्हवरे, आरवली व राजापूरचे उन्हाळे, अशी ती माळ असून तिच्यातील सावित्रीकाठचा मणी म्हणजे महाडजवळचे सव हे होय. महाड-पोलादपूर भागातील आपल्या कुटुंबांना सवचे नाव मुळीच परके नाही. तेथील ऊन पाण्यात स्नान केले असता कातडीचे विकार व सांध्यांची दुखणी बरी होतात, अशी लोकांची श्रद्धा फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. आणि तीमुळे कितीतरी खरजेचे, नायट्याचे व चट्ट्यांचे रोगी मोठ्या आशेने अशा झऱ्यांवर आले व गेले.

या श्रद्धेचा उपहास करण्याचे आम्हांस कारण नाही. ऊन पाण्याने अंग शेकते, दुखरे सांधे मोकळे होतात व मनासही विश्रांती लाभते. परंतु त्या कुंडाच्या काठी एक गोष्ट घडू शकते, आणि तिचा अर्थ ज्यास कळतो त्याचे प्राण नव्हे, तरी हातपाय वाचतात. एखाद्याने पाय पाण्यात घालावा, शेजारच्याने चटका बसून चटकन पाय मागे घ्यावा, आणि पहिल्यास मात्र त्या पाण्याचा ऊनपणा जाणवूच नये! अशा मनुष्यास झऱ्याने बरे केलेले नसते. झऱ्याने त्याची परीक्षा केलेली असते. महारोगात, म्हणजे ज्यास आपण आज कुष्ठरोग म्हणतो त्या रोगात, कातडीची ऊन-गार ओळखण्याची शक्ती फार लवकर नाहीशी होते. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मनुष्य निश्चिंत राहतो. आणि न दुखणे हेच त्या रोगाचे मुख्य लक्षण असते.

देह उघडून पाहणे, त्यास हात लावणे, बोटाने दाबून व ठोकून आतला निनाद ऐकणे आणि रोग्यास प्रश्न विचारणे, या साध्या दिसणाऱ्या कृतींवर वैद्यकाची सारी इमारत उभी आहे. ती कला पाश्चात्त्य पद्धतीने प्रथम आत्मसात करून मुंबईच्या गोरगरिबांच्या दारी पोहोचविणाऱ्या पहिल्या पिढीतील अग्रणी पुरुष आपल्या गौड सारस्वत ब्राह्मण ज्ञातीत जन्मास आले, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. ते पुरुष म्हणजे कै. डॉ. भाऊ दाजी लाड हे होत. त्यांची कीर्ती आज बहुधा भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयामुळे लोकांच्या कानी असते. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांस त्यांचे शिलालेखांवरील कार्य ठाऊक असते. परंतु ते पेशाने वैद्य होते, आणि त्यांच्या सर्व कर्तृत्वाच्या मुळाशी वैद्याची दृष्टी होती, ही गोष्ट विस्मरणात जाऊ लागली आहे. म्हणून प्रस्तुत स्मरणिकेत त्यांचे चरित्र याच अंगाने सांगण्याचे योजिले आहे.

भाऊंचे मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. त्यांचा जन्म गोमंतकात पेडणे महालातील मांद्रे या गावी इ. स. १८२२ मध्ये झाला. काही ग्रंथांत हे साल १८२४ असे दिलेले आढळते. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. उपजीविकेसाठी हे कुटुंब मुंबईस आले, आणि वडील मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवू लागले. ज्या मुलाने पुढे मनुष्यदेहाचा अभ्यास केला त्याचे बालपण मातीच्या देहांच्या संगतीत गेले, हा योगायोग मोठा मनोज्ञ वाटतो. लहानपणी भाऊ बुद्धिबळात विलक्षण तरबेज होते. पटावरील त्यांची चाल पाहून एका इंग्रज गृहस्थाचे त्यांच्याकडे लक्ष गेले आणि या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असा आग्रह त्यांनी वडिलांस केला, अशी हकीकत चरित्रकारांनी नमूद केली आहे. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांनी अध्ययन केले व तेथेच ते शिक्षकही झाले. कच्छ-काठेवाडात काही जमातींत मुलगी जन्मताच तिला मारून टाकण्याची जी भयंकर चाल होती, तिजवर त्यांनी निबंध लिहिला व त्यास बक्षीस मिळाले. पुढील आयुष्यात स्त्रीशिक्षणाचा जो कैवार त्यांनी घेतला, त्याचे बीज या तरुणपणीच्या लेखनातच दिसून येते.

त्या काळी मुंबईत वैद्यकाच्या शिक्षणाची स्थिती कशी होती, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इ. स. १८२६ मध्ये एतद्देशीयांसाठी एक वैद्यकशाळा सरकारने काढली होती. पण ती सहा वर्षांतच, १८३२ मध्ये, बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यक महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली. ते १८३८ मध्ये निवर्तले. तथापि त्यांच्या स्मरणार्थ निधी जमा होऊन ग्रँट वैद्यक महाविद्यालय उभे राहिले व १८४५ मध्ये तेथे शिकवणे सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने शेजारीच रुग्णालय बांधण्यात आले. महाविद्यालय आणि रुग्णालय यांची ही जोडी केवळ सोयीसाठी नव्हती. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर रोग्याच्या शय्येपाशी उभे राहून शिकण्यावर होता. पुस्तकातील रोग आणि खाटेवरचा रोगी यांत केवढे अंतर असते, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांना व बोटांना कळले पाहिजे, अशी ती शिक्षणपद्धती होती.

युरोपातही ही पद्धती फार जुनी नव्हती. ऑस्ट्रियातील वैद्य औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतील विकार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खानावळ चालवीत असत, आणि पिंपे ठोकून त्यांत किती द्रव उरला आहे हे ओळखण्याची युक्ती मुलाने तेथेच पाहिली, असे सांगतात. पुढे पॅरिस येथे लायनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर धरली व तीतून हृदयाचे ठोके ऐकले. आजच्या स्टेथॉस्कोपचा उगम तो हा. म्हणजे भाऊ महाविद्यालयात दाखल झाले तेव्हा या नळीस उणीपुरी तीस वर्षे झाली होती.

आपल्या देशात देहपरीक्षा मुळीच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितलेली आहे. सुश्रुताने तर मृतदेहाचे अवयव एकामागून एक उलगडून पाहिल्यावाचून शल्यवैद्याचे ज्ञान पुरे होत नाही, असे प्रतिपादन केले आहे. परंतु मधल्या शतकांत शिवाशिवीचा व सोवळ्याओवळ्याचा पगडा वाढत गेला, प्रेतास स्पर्श करणे निंद्य ठरले, आणि पुष्कळ ठिकाणी वैद्याची परीक्षा केवळ मनगटावरील नाडीपुरती उरली. स्त्री रोगी असेल तर तेवढेही कठीण. अशा समाजातून आलेल्या तरुणांनी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहावयाचे, ही साधी गोष्ट नव्हती. कलकत्त्यास १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी हे धैर्य दाखविले होते. मुंबईत ते पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांस दाखवावे लागले.

इ. स. १८५१ मध्ये या महाविद्यालयाची पहिली परीक्षा उतरून आठ विद्यार्थी पदवीधर झाले. त्यांत भाऊ दाजी होते. त्यांचे सहाध्यायी डॉ. आत्माराम पांडुरंग, जे पुढे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक झाले, तेही होते. शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून, पुन्हा विद्यार्थी होऊन, सहा वर्षे नव्या विद्येची उपासना करणे, यात भाऊंच्या स्वभावाची परीक्षा होती. ती ते उत्तम तऱ्हेने उतरले.

पदवीनंतर भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही याच महाविद्यालयाचे पदवीधर. उभयता बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. भाऊंचा लौकिक लवकरच असा वाढला की, शेटसावकारांपासून गाडी ओढणाऱ्या मजुरांपर्यंत सर्वांची रीघ त्यांच्याकडे लागे. आणि श्रीमंतांकडून मिळालेले द्रव्य गरिबांच्या औषधपाण्यात व विद्येच्या कार्यात खर्च होई. नारायणराव छायाचित्रणकलेतही निपुण होते. उघड्या डोळ्यांनी नीट पाहावे आणि पाहिलेले जतन करावे, ही वृत्ती या दोन्ही भावांत सारखीच होती.

हीच वृत्ती भाऊंनी इतिहाससंशोधनात नेली. रोग्याची लक्षणे ऐकीव माहितीवर ठरवावयाची नाहीत, हा नियम त्यांनी दगडांवरील लेखांसही लावला. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केले. पूर्वीच्या कोणाची नक्कल हाती असली, तरी मूळ अक्षर पुन्हा पडताळून पाहण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानास त्यांनी आश्रय दिला आणि देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे आणविले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे निबंध येत असत. त्यांच्या निधनानंतर हे लेखन १८८० नंतरच्या दशकात कलकत्त्याहून एकत्र प्रसिद्ध झाले. जीर्ण ताम्रपट आणि जर्जर देह, दोन्ही हाती घेऊन जवळून पाहावे लागतात. दुरून पाहणाऱ्यास त्यांचा अर्थ लागत नाही.

इ. स. १८६२ मध्ये भाऊंच्या वैद्यकीय जीवनात एक कसोटीचा प्रसंग आला. करसनदास मुळजी या निर्भय सुधारकाने आपल्या सत्यप्रकाश पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. तोच सुप्रसिद्ध महाराज लायबल खटला होय. महाराजांच्या वर्तनाविषयी साक्षी झाल्या, तेव्हा भाऊ दाजींस न्यायासनासमोर उभे राहावे लागले. महाराजांस उपदंशाचा विकार झाला होता व त्यावर उपचार करण्यात आला होता, अशी साक्ष त्यांनी व डॉ. धीरजराम दलपतराम यांनी दिली. रोग्याचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म, आणि शपथेवर सत्य सांगणे हाही धर्म. दोन धर्मांचा असा संघर्ष सुखाचा नसतो. धनिक भक्तमंडळींचा रोष पत्करून भाऊंनी सत्याची बाजू घेतली. न्यायाधीश सर जोसेफ आर्नोल्ड यांनी करसनदासांचा मुख्य बचाव मान्य केला. त्या निकालामागे सुधारकांची लेखणी जशी होती, तशी दोन हिंदी वैद्यांची साक्षही होती. जेथे श्रद्धेने डोळे मिटले होते, तेथे देहाने दिलेली साक्ष खोडून काढता आली नाही.

आता भाऊंच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या वैद्यकीय कार्याकडे वळू. ते कार्य म्हणजे महारोगाचा अभ्यास. त्या काळी या रोगाइतका भयंकर शाप दुसरा नव्हता. रोगी घराबाहेर जाई, गावाबाहेर जाई, आणि जिवंतपणीच त्याचे नाव कुटुंबात उच्चारेनासे होई. युरोपीय वैद्यांस त्याचे कारण ठाऊक नव्हते. मुंबईतच डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे या रोगाची बारकाईने पाहणी करीत होते. रोगाचे जंतू नॉर्वेतील हान्सेन यांस १८७३ मध्ये दिसले. त्यानंतर एका वर्षाने भाऊ वारले. म्हणजे भाऊंनी जो काही अभ्यास केला, तो जंतूंच्या ज्ञानावाचून, केवळ पाहून, स्पर्शून आणि विचारून केलेला होता. ज्या रोग्याच्या सावलीस लोक उभे राहत नसत, त्यास जवळ बसवून त्याचे अंग तपासावयाचे, हे व्रत त्यांनी वर्षानुवर्षे चालविले.

औषधाच्या शोधात भाऊ संस्कृत ग्रंथांकडे वळले. सुश्रुताने तुवरक नावाच्या वृक्षाच्या तेलाचा कुष्ठावर उपयोग सांगितला आहे. हा वृक्ष म्हणजे पश्चिम घाटात आढळणारे कडू कवठ असे समजतात. आणि या बियांच्या तेलाचा उपयोग भाऊंनी महारोग्यांवर केला. याच जातीच्या चौलमुग्रा तेलाकडे डॉ. मौअट यांनी १८५४ मध्ये कलकत्त्याहून पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष वेधले होते. ही तेले पुढे जगभर वापरली गेली, आणि इ. स. १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत महारोगावर मुख्य उपचार तोच होता. त्या तेलाने रोग समूळ जाई असे नव्हे. परंतु दुसरा काहीच आधार नसताना तेवढा आधार त्याने दिला.

येथे चरित्रलेखकाने एक गोष्ट झाकून ठेवू नये. आपले औषध कोणते, हे भाऊंनी आपल्या हयातीत उघड केले नाही. प्रयोग पुरे होऊन खात्री पटेपर्यंत प्रसिद्धी करावयाची नाही, असे त्यांचे धोरण होते. पण त्यामुळे समव्यवसायी वैद्यांत त्यांच्यावर टीका झाली. टीका गैरवाजवी होती असे म्हणता येत नाही. रोग्याने आपला देह वैद्यापुढे उघडा करावा अशी अपेक्षा असते, तशीच वैद्यानेही आपला उपाय इतर वैद्यांच्या परीक्षेस उघडा करावा, हा शास्त्राचा नियम आहे. जे झाकले जाते ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याचा गुणही सिद्ध होत नाही. ज्यांनी आयुष्यभर उघड्या परीक्षेचा पुरस्कार केला, त्यांच्याच हातून ही एक गोष्ट झाकलेली राहिली. थोर पुरुषांच्या चुकाही आपल्यास शिकवितात, म्हणून त्यांचाही उल्लेख आदराने करावा.

भाऊंचे शिक्षणकार्य वैद्यकाइतकेच मोठे होते. ते शिक्षण मंडळाचे सभासद होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या आरंभीच्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी या संस्थेचे ते पहिले हिंदी अध्यक्ष. या संस्थेने मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या, आणि भाऊंच्या नावानेही मुलींची एक शाळा त्यांच्या चाहत्यांच्या देणगीतून चालली. स्त्रीशिक्षण आणि देहपरीक्षा यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. परपुरुषाने अंगास हात लावू नये या समजुतीमुळे असंख्य भगिनी व माता तपासणीवाचून मृत्यू पावल्या. त्यांस तपासण्यास स्त्रीवैद्य हवी, आणि स्त्रीवैद्य होण्यास आधी मुलगी शाळेत गेली पाहिजे. भाऊंच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या; १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय निघाले. त्या वाटेची पहिली फरशी मुलींच्या शाळांनी बसविली होती.

राजकारणातही भाऊंचे स्थान वरचे होते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा मुंबईचे शेरीफ होण्याचा मान त्यांस मिळाला. भायखळ्याच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी अपार खटपट केली. ते १८७२ मध्ये लोकांस खुले झाले, आणि १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. परंतु सुखाचे दिवस टिकले नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून मुंबईत शेअरबाजाराचे जे वेड लागले, ते १८६५ मध्ये ओसरले आणि अनेक घरे धुळीस मिळाली. त्यांत भाऊंचीही संपत्ती गेली. अखेरच्या काळात अर्धांगवायूने त्यांचा देह खिळून पडला. हजारोंच्या नाडीवर ज्यांनी हात ठेविला, त्यांचाच हात चालेनासा झाला. मे १८७४ मध्ये त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, हे चरित्र येथे संपते. पण त्याचा धडा संपत नाही. आज भाऊंच्या काळच्या मानाने औषधांचे सामर्थ्य शतपटीने वाढले आहे. महारोगावर १९८१ नंतर जी बहुविध औषधांची योजना आली, तीमुळे हा रोग सहा महिने ते वर्षभराच्या उपचाराने पूर्ण बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आणि उपचार सुरू होताच थोड्याच काळात रोग्यापासून इतरांस बाधा होण्याची भीती उरत नाही. बहुतेक माणसांच्या अंगी या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती निसर्गतःच असते. असे असूनही रोग लपविला जातो. का? तर मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, मुलाची सोयरीक ठरावयाची आहे, शेजारीपाजारी काय म्हणतील, म्हणून! चट्टा कपड्याखाली झाकला जातो, वधूवरांच्या पत्रिका मात्र दहा ठिकाणी दाखविल्या जातात. पुढे बोटे वाकतात, तळव्यास न दुखणाऱ्या जखमा होतात, आणि जे सहज टळले असते ते जन्मभराचे व्यंग होऊन बसते. कायद्याने आपले मन पालटले आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते १९१९ नव्हे, १८१९ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. आता मन पालटावयाचे राहिले आहे ते आपले.

मुख्य म्हणजे या रोगाची ओळख अद्यापही भाऊंच्याच रीतीने होते. फिकट वा लालसर चट्टा आहे काय, हे डोळ्यांनी पाहावयाचे. कापसाच्या तंतूने स्पर्श करून रोग्यास तो कळतो काय, हे विचारावयाचे. कोपरामागील शीर बोटांनी चाचपून ती जाड झाली आहे काय, हे ठरवावयाचे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न! घरोघरी तपासणीस येणाऱ्या आशाताई व आरोग्यसेवक हेच विचारतात. घरात बायकांस तपासण्यास बाई व पुरुषांस तपासण्यास पुरुष येतो. त्यांस दारातूनच सर्व ठीक आहे असे सांगून वाटेस लावणे, हा मोठा अविचार होय.

शाळांतील तपासणीचेही तेच. इंग्लंडात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी १९०७ च्या कायद्याने सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी योजिलेली असून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळांत एकदा वैद्यकीय पथक येते. फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलास आपण मठ्ठ म्हणतो. कानात पू असलेल्या मुलीस आपण बेपर्वा म्हणतो. हृदयाच्या झडपेत दोष असलेल्या मुलास आळशी म्हणून शिक्षा करतो. तपासणीने असे कितीतरी अन्याय दूर होतात. विद्या आणि आरोग्य या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे तेथे प्रत्यक्ष दिसून येते. अशा दिवशी मुलास घरी न ठेवता, स्नान घालून, पूर्वीचे आजार सांगणारी चिठ्ठी देऊन शाळेत पाठविणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

रोग्यापाशी बसून पाहण्याचे फळ किती मोठे असते, याचे एक उदाहरण महाड तालुक्यातच घडले आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. या भागात तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. त्यांनी रात्र रात्र रोग्यांच्या उशाशी बसून घाम, थंडगार हातपाय, रक्तदाब व नाडी यांतील फरक टिपून घेतले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने या दंशाने येणारा मृत्यू पुष्कळ अंशी आटोक्यात आला. त्यांनी आपले निष्कर्ष जगापुढे ठेविले, म्हणून ते अन्य प्रांतांतील व अन्य देशांतील रोग्यांसही उपयोगी पडले. भाऊंच्या चरित्रात जी एक उणीव राहिली होती, तीच येथे भरून निघालेली दिसते.

तेव्हा सवच्या कुंडात स्नानास अवश्य जावे. पूर्वजांच्या श्रद्धेचा मान राखावा. पण तेथे पाय पाण्यात घालताना क्षणभर लक्ष द्यावे. ऊन लागले तर देवाचे आभार मानावे. न लागले, तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची पायरी चढावी, आणि तेथे काही एक न लपविता आपला देह वैद्यापुढे उघडा करावा. आपल्या पुढाकाराने घरातील वडीलधारी, लेकी-सुना व मुलेबाळे यांची वर्षातून एकदा तरी रीतसर तपासणी झाली, तर मांद्रे गावच्या त्या बाहुलीविक्याच्या मुलाचे ऋण आपण थोडेतरी फेडले असे होईल.